आधी पोतं, मग मशीन

वाचकांचं पत्र:

"काका, मी पंचवीस वर्षांची आहे. बॉटनी घेऊन बीएस्सी केलं आणि दोन वर्षं राजारामपुरीतल्या एका कॅफेत बरिस्ता म्हणून काम करते. आता स्वतःचं कॉफी रोस्टिंग सुरू करायचं डोक्यात आहे. साडेतीन लाख साठवलेत, छोटं मशीनही बघून ठेवलंय. बंगळुरूचा एक सप्लायर व्हॉट्सॲपवर ओळखीचा झालाय. तो तीनशे किलो 'प्युअर अरेबिका, ए ग्रेड' बाजारापेक्षा बराच स्वस्त देतो म्हणतो, पण आठवड्याच्या आत निम्मे पैसे पाठवा म्हणतो. पप्पांची मार्केट यार्डात गुळाची आडत आहे. ते म्हणतात, कोल्हापूर चहावर आणि दुधावर जगतं, इथं कडू पाणी कोण विकत घेणार? आई निपाणीची, ती यात काहीच बोलत नाही. मला सांगा, कॉफीचे कुठले वाण शिकायला हवेत? रोबस्टा हलकी असते म्हणून मी फक्त अरेबिका ठेवणार आणि चिकोरीला हात लावणार नाही, हे बरोबर ना? नोकरी सोडू का? आणि गगनबावड्याला मामांची दोन एकर पडीक जमीन आहे, तिथं कॉफी होईल का?"
— कॉफीवेडी, राजारामपुरी

कॉफीवेडे पोरी,

आधी त्या सप्लायरचं बघू. बाकीचे प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील, त्याची मुदत आठवड्याची आहे. पैसे पाठवू नकोस. तो फसवाच असेल असं मी म्हणत नाही, मला तो माणूस माहीत नाही. पण माल न बघता निम्मी रक्कम पाठवणं व्यापारात बसत नाही, मग माल कॉफीचा असो की हरभऱ्याचा. त्याला एवढंच कळव: एक किलो नमुना पाठवा, त्याचे पैसे मी देते. सोबत विचार की माल कुठल्या इस्टेटीचा किंवा कुठल्या क्युरिंग वर्क्समधून, म्हणजे वाळलेला माल सोलून, चाळून प्रत लावणाऱ्या कारखान्यातून, निघालेला आहे, कुठल्या हंगामाचा, धुतलेला की चेरी, चाळणी कुठली, ओलावा किती. ज्याच्याकडे खरोखर माल आहे त्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात. जो "मॅडम, क्वालिटीची काळजीच करू नका" म्हणतो, त्याची मात्र काळजी करायची.

'प्युअर अरेबिका, ए ग्रेड' यातून त्यानं तुला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. आपल्याकडच्या व्यापारात अरेबिका दोन वाटांनी येते. पिकलेलं फळ पल्परमधून सोललं, आंबवलं, धुतलं आणि वाळवलं की त्याला पार्चमेंट म्हणतात. वरचं टरफल काढलं की तोच माल 'प्लांटेशन' या नावानं विकला जातो. फळ सालीसकट तसंच उन्हात वाळवलं तर ती चेरी. रोबस्टातही हेच दोन प्रकार. मग चाळण्या लागतात. प्लांटेशन ए म्हणजे ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला दाणा, डबल ए म्हणजे ७.१० वर राहिलेला, त्याखाली बी आणि सी. फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार झाली तर ती पीबी, म्हणजे पीबरी. सगळ्यात शेवटी काळे, तपकिरी दाणे आणि तुकडे उरतात, त्यांना ट्रिपल बी म्हणतात. तेही विकले जातात. कुठल्या पाकिटात जातात ते विचारू नकोस.

म्हणजे 'ए' हे मापाचं नाव झालं. एका मापाचे दाणे एकसारखे भाजतात, आणि त्यात मोठ्या दाण्याला भाव जास्त. चव चांगली असेलच असा त्याचा अर्थ नाही. मी बी प्रतीची कॉफी डबल एपेक्षा सरस लागलेली बघितली आहे, आणि सी प्रतीचा चांगला माल गुपचूप उचलून पैसे करणारे लोकही बघितलेत.

आता नमुना आला असं धर. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, काळ्या कागदावर साडेतीनशे ग्रॅम दाणे पसर. ट्यूबलाइटखाली हे काम करू नये, रंग फसवतो. धुतलेली ताजी अरेबिका निळसर हिरवी दिसते. दाणा लांबट असतो आणि मधली भेग किंचित नागमोडी. रोबस्टा गोलसर, पिवळट तपकिरी आणि भेग सरळ. 'प्युअर अरेबिका'त गोल, सरळ भेगेचे दाणे सारखे हाताला लागले तर काय समजायचं ते तुला कळेल. मग दाणे पांढरट पडलेत का बघ. मूठभर नाकाशी धर. तागाच्या पोत्याचा वास आला तर माल जुना आहे, मागच्या नाहीतर त्याच्याही मागच्या हंगामाचा. याला अपवाद एकच, मान्सून्ड मलबार. मंगळुरूच्या किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत जून ते सप्टेंबर मोसमी वाऱ्यात ठेवून ती मुद्दाम फुगवतात, म्हणून ती सोनेरी, फिकट आणि जाड दिसते. पूर्वी शिडाच्या जहाजातून कॉफी युरोपला पोचायला महिने लागायचे, वाटेत ती दमट हवेनं फुगायची. तिकडच्या लोकांना तीच चव आवडून बसली आणि पुढं जहाजं वेगवान झाल्यावर ती चव इथंच तयार करावी लागली. पण कुणी जुना पांढरा पडलेला माल 'मान्सून्ड टाइप आहे' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ परत पाठव.

मग वेचायला बस. काळा दाणा एकीकडे. तांबूस, आंबूस वास येणारा एकीकडे. टाचणीनं टोचल्यासारखं भोक असलेला एकीकडे, ते बेरी बोरर किड्याचं काम. तुटके, टरफल, काडी, खडा वेगळे. चांगला नमुना असेल तर या ढिगल्या अगदी लहान राहतात. क्युरिंग वर्क्समध्ये हेच काम बायका दिवसभर बसून करतात, त्याला तिकडं गार्बलिंग म्हणतात. त्यांची बोटं दाण्यांवरून फिरतात तेव्हा त्या बघतात की चाचपतात हेच कळत नाही. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या दरम्यान हवा. जास्त असेल तर बुरशी धरते, फार कमी असेल तर दाणा ठिसूळ होतो आणि भाजताना जळका लागतो. यार्डात धान्यवाल्यांकडे मॉइश्चर मीटर असतो, पण तो कॉफीसाठी लावलेला नसेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस.

या काळ्या कागदाशी पप्पांना शेजारी बसव.

तुझ्या पत्रात पप्पा विरोधी पक्षात बसलेत. मला ते वाचून जरा गंमत वाटली. घरात इतका कसलेला खरेदीदार असताना तू व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी माणसाच्या शब्दावर तीनशे किलो माल घ्यायला निघालीस? गुळाच्या सौद्यात रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडून कण बघणं, बोटानं चुरडणं, जिभेवर ठेवून खारेपणा ओळखणं आणि मग तोंडातून आकडा काढणं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. कॉफीचा दाणा त्यांना नवा असेल. पण "हे दाणे वेगळ्या रंगाचे का?" हा प्रश्न ते तुझ्या आधी विचारतील. "घट किती?" हा त्यांचा दुसरा प्रश्न असेल आणि "उधारी किती दिवसांची?" हा तिसरा. या तीन प्रश्नांवर निम्मा कॉफीचा धंदा उभा आहे. रोस्टिंगच्या व्हिडिओंमध्ये ते दिसत नाहीत, कारण त्यात मशीन फिरताना दाखवता येत नाही.

घटीचंच घे. कॉफीच्या मुलुखात भाव बहुतेक वेळा ५० किलोच्या बॅगेवर सांगतात, आणि ती बॅग न सोललेल्या मालाची असते. चेरीच्या बॅगेतून किती किलो साफ दाणा निघतो त्याला आउटटर्न म्हणतात, बोलताना नुसतं ओटी. समजा कुणी रोबस्टा चेरी दहा हजार रुपये बॅग सांगितली. तू मनात पन्नासनं भागशील, दोनशे रुपये किलो, स्वस्त वाटेल. पण ओटी २६ असेल तर हातात येणार २६ किलो, म्हणजे साफ दाणा ३८५ रुपयांच्या आसपास पडला, क्युरिंगचा खर्च वेगळा. पुढं तू तो भाजणार. भाजताना पाणी उडतं, साल उडते. हलकं भाजलंस तर तेरा-चौदा टक्के वजन जातं, गडद भाजलंस तर अठरा-वीस. सरासरी १७ धरलीस तर तोच दाणा ४६० च्या पुढं गेला. यात गॅस, पाकीट, वाहतूक, भाडं आणि तुझी मजुरी अजून आलेली नाही. कॉफी महाग का विकावी लागते हे ग्राहकाला पटवून सांगण्याआधी हा हिशेब पप्पांना करून दाखव. घट धरलेला हिशेब बघितला की ते जरा सैल पडतील असं मला वाटतं.

त्यांचं "कडू पाणी कोण घेणार" हे म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट ऐकून घे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणारं हे गाव. इथं दुधाशिवायच्या कॉफीचे गिऱ्हाईक आहेत, तुझ्या कॅफेत तू त्यांना रोज बघतेस. त्यातले बरेच जण आठवड्यातून एकदा येतात, लॅपटॉप उघडतात आणि एका कपावर दोन तास बसतात. त्यांच्या भरवशावर कॅफे चालेल, रोस्टरी चालायची नाही. शहरातल्या उडुपी हॉटेलांना, केटरिंगवाल्यांना, कॉलेजच्या कँटीनना आठवड्याला ठरावीक किलो फिल्टर पावडर लागते. हा माल त्यांच्याकडे बाहेरून दळून येतो आणि डबा उघडेपर्यंत त्याचा वास अर्धा उडालेला असतो. परवा भाजून काल दळलेली पावडर दारात पोचवणारं गावात कुणी असेल तर हॉटेलवाला ऐकून घेतो. तुझं पहिलं गिऱ्हाईक तिथं आहे.

यावरून रोबस्टाकडे येऊ. "रोबस्टा हलकी" हे वाक्य तू कुठल्यातरी पाकिटावर वाचलं असशील. तू बॉटनीवाली आहेस म्हणून तुझ्याच विषयातून सांगतो. अरेबिका ही रोबस्टाच्या जातीपासूनच झालेली आहे. कॉफिया कॅनेफोरा, म्हणजे रोबस्टा, आणि कॉफिया युजेनिऑइडिस यांच्या नैसर्गिक संकरातून अरेबिका आली, म्हणून तिची गुणसूत्रं ४४ आणि रोबस्टाची २२. अरेबिका स्वतःच्याच परागानं फळते, त्यामुळं बी लावली तर झाड बहुतांशी आईसारखं येतं. रोबस्टाला परपराग लागतो, बियांपासून लावलेल्या बागेत दोन झाडं सारखी नसतात. रोबस्टात कॅफीन साधारण दुप्पट, म्हणून कडूपणा जास्त आणि किडीला दाद कमी. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचा आहे, आणि आपल्या कॉफीचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक इटली आहे. एस्प्रेसो ज्यांनी जगाला शिकवली ते आपली रोबस्टा घेतात ती जाड फेस आणि भरदारपणा मिळावा म्हणून.

खराब रोबस्टा वाईटच लागते, ओल्या पुठ्ठ्यासारखी. झाडावर वाळलेली, जमिनीवर पडलेली, चिखलात वाळवलेली चेरी पिऊन लोकांनी रोबस्टाचं नाव खराब केलं. धुतलेली चांगली रोबस्टा, त्यातली कापी रोयाल नावाची वरची प्रत, किंवा सी बाय आर हा काँजेन्सिस आणि रोबस्टाच्या संकराचा वाण एकदा पिऊन बघ. मऊ असते, शेवटाला डार्क चॉकलेटसारखी चव रेंगाळते. आणि आता कोल्हापूरचा मुद्दा. इथं कॉफीत पडणार म्हशीचं दूध, सहा टक्क्यांच्या वर फॅट, वर दोन चमचे साखर. त्यात तुझी नाजूक अरेबिका, जिच्यातला लिंबाचा नाहीतर संत्र्याचा आंबटपणा तू कपिंगमध्ये, म्हणजे चव पारखताना, शोधत बसतेस, बुडून दिसेनाशी होते. उलट तो आंबटपणा दुधात कधीकधी नासल्यासारखा लागतो. दुधाला भिडायला रोबस्टाच पाहिजे. निम्मी अरेबिका वासासाठी, निम्मी धुतलेली रोबस्टा अंगासाठी, अशा मिश्रणापासून सुरुवात कर आणि मग जिभेनं ठरव. फक्त अरेबिका पाहिजे असणाऱ्यांसाठी शंभर-दोनशे ग्रॅमची वेगळी पाकिटं ठेव की, कुणी अडवलंय!

चिकोरीबद्दल तुझा बाणा आवडला, पण तो थोडा ढिला कर. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. गुजरातेत जामनगरकडं, खेडा-आणंद भागात पिकतं. त्यात कॅफीन नसतं. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळं पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन सावकाश आणि दाट उतरतं. दक्षिणेत ८०-२०, ७०-३० असं प्रमाण सांगून लोक मागून घेतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. न सांगता मिसळली की ती भेसळ. उडुपीवाला ८०-२० मागेल तेव्हा तत्त्वज्ञान सांगत बसू नकोस, पाकिटावर ८०-२० छाप आणि तेवढंच घाल. बाजारातली कुठलीही 'शुद्ध' पावडर तपासायची सोपी युक्ती तुला माहीत असेल: काचेच्या ग्लासात थंड पाणी घे आणि वरून चिमूटभर पावडर सोड. कॉफी तरंगते. चिकोरी लगेच खाली जायला लागते आणि पाण्यात तपकिरी रेघा सोडत जाते. हा प्रयोग हॉटेलवाल्याच्या टेबलावर त्याच्याच डब्यातली पावडर घेऊन केलास तर पुढचं बोलणं सोपं जाईल. आधी मालकाची परवानगी घे, नाहीतर चहाही मिळायचा नाही.

वाणांची यादी पाठ करायची का? तुला ती आवडणार हे मला दिसतंय, म्हणून थोडं सांगतो. कर्नाटकात सगळ्यात जास्त भेटणारी अरेबिका म्हणजे एस ७९५. १९४०च्या दशकात बालेहोन्नूरच्या संशोधन केंद्राकडून आलेली. ते केंद्र १९२५ सालचं. एस ७९५ हा एस २८८ आणि केंट्स या दोन जुन्या वाणांचा संकर. एस २८८ च्या घराण्यात लायबेरिका जातीचं रक्त आहे, तांबेऱ्याला तोंड द्यायची ताकद तिकडून आली. तांबेरा म्हणजे ती बुरशी जिनं १८६९ नंतर सिलोनची कॉफी बसवली आणि तो देश चहाकडं वळला. कावेरी हा कॅटिमोर, म्हणजे कतुरा हा वाण आणि तिमोर बेटावरचा अरेबिका-रोबस्टाचा नैसर्गिक संकर यांच्यापासून आलेला. बुटका, भरपूर फळणारा, पण नंतर तांबेऱ्यापुढं टिकला नाही. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाकडची आई आहे, त्यामुळं वास चांगला, आणि त्याच तिमोर संकराकडून काटकपणा. चंद्रगिरी २००७ साली आला, दाणा मोठा, झाड आटोपशीर. रोबस्टात एस २७४ आणि मघाशी सांगितलेला सी बाय आर. एवढे सहा-सात नीट ओळखलेस तरी भारतातल्या मालाशी बोलता येईल. गेशा या फार महागड्या वाणाच्या मागं आत्ता लागू नकोस, त्याच्या भावात तुझे साडेतीन लाख विरघळतील.

पण एक लक्षात घे. एका इस्टेटीत चार वाण शेजारी शेजारी उभे असतात आणि तोडणी एकत्रच होते. मोठ्या बाजारात कुणी वाण विचारत नाही. धुतलेली की चेरी, चाळणी, कपातली चव, एवढंच विचारतात. वाण, उंची, इस्टेट आणि प्रक्रिया या चारींचं नाव घेऊन विकला जाणारा माल थोडा असतो आणि त्याचा भाव वेगळा. पाकिटामागची बाबा बुडनची गोष्ट, येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणल्याची, ती तर सगळेच छापतात. ती न छापता तोडणीचा महिना आणि भाजल्याची तारीख छाप, मला तेवढं पुरेल.

आता नोकरी. सोडू नकोस, निदान येत्या हंगामापर्यंत तरी नको. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. कॅफेच्या मालकाला आत्ताच सांगून त्या काळात मोठी सुट्टी माग आणि चिकमगळूर, हासन नाहीतर कुशालनगरकडच्या एखाद्या क्युरिंग वर्क्समध्ये किंवा इस्टेटीत काम बघायला जा. पगार मिळाला तर उत्तम, राहण्या-जेवणावर ठेवलं तरी जा. पल्पर फिरताना, आंबवणीच्या टाकीत हात घालून चिकटपणा गेला का बघताना, वाळवणीच्या ओट्यावर दर तासाला पार्चमेंट हलवताना जे कळतं ते काउंटरमागं उभं राहून दहा वर्षांत कळणार नाही. आई निपाणीची आहे ना? मग घरात कन्नड कानावर पडलेलं असणार. पत्रात तू आईला एका ओळीत मागं सारलंस, पण हासनच्या गोदामात दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलणाऱ्या पोरीला जो भाव मिळेल तो तुझ्या पप्पांनाही मिळायचा नाही. तिला सोबत घेऊन जा. मला वाटतं ती बोलत नाही कारण तिला कुणी विचारलेलं नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर कॉफी बोर्डाचा कॉफी क्वालिटी मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, वर्षभराचा, आणि तुझी बॉटनीची पदवी त्याला चालण्यासारखी आहे. प्रवेशाच्या अटी बोर्डाकडूनच खात्री करून घे. निर्यातदारांच्या लॅबमध्ये, क्वालिटी विभागात जायचं असेल तर हा रस्ता सरळ आहे. वर्षभर घर सोडणं जमत नसेल तर बोर्डाचंच 'कापी शास्त्र' हे रोस्टिंग आणि ब्रूइंगचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आहे, ते मशीन घेण्याआधी कर. क्यू ग्रेडरसारख्या, कॉफी पारखणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांवर आत्ता पैसे घालू नकोस. १०० पैकी ८० गुण मिळाले की कॉफी स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची, हे गणित पुस्तकातून कळतं, जीभ मात्र रोजच्या सरावानं तयार होते. घरी सराव कर. तीन सारखे स्टीलचे पेले, प्रत्येकात १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. दोन पेल्यांत एक, तिसऱ्यात वेगळी, आणि पेल्याखाली खूण आईला करायला सांग. चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोड, वास घे, थंड होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाख आणि वेगळा पेला ओळख. सलग बरोबर यायला लागलं की तू खरेदीला लायक झालीस असं समज.

मशीन त्यानंतर. तोवर दुसऱ्याच्या रोस्टरीत आपला दाणा देऊन भाजून घेता येतो, किलोमागं मजुरी देऊन. स्वतःच्या नावाची पाकिटं काढ, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घे, पाच हॉटेलांना दर आठवड्याला माल दे आणि पैसे वेळेवर येतात का बघ. उधारी वसूल करणं हे रोस्टिंगपेक्षा अवघड आहे. त्या बाबतीत पप्पा तुझे गुरू.

आणि कुणालाही वर्षभराचा भाव बांधून देऊ नकोस. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कला सेंट प्रति पौंड ठरतो, रोबस्टाचा लंडनला डॉलर प्रति टन, आणि ब्राझीलमध्ये पाऊस हुकला किंवा व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला तर त्याचा धक्का चिकमगळूरच्या मंडीत दुसऱ्या दिवशी पोचतो. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली होती, तिथल्या इतिहासात आधी कधीच न गेलेली. त्या वेळी ज्यांनी कॅफेंना जुन्या भावात माल द्यायचं कबूल केलं होतं त्यांनी प्रत्येक किलोमागं खिशातून पैसे घातले. कोटेशनवर मुदत लिही, पंधरा दिवस, फार तर महिना. कच्चा मालही सुरुवातीला दोन-तीन पोत्यांच्या वर भरू नकोस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पोती भिंतीला टेकवून ठेवलीस तर दोन महिन्यांत तुझ्याकडं आपोआप मान्सून्ड मलबार तयार होईल, आणि तिला गिऱ्हाईक मिळणार नाही. लाकडी फळ्यांवर ठेव, भिंतीपासून हातभर लांब.

राहिली मामांची जमीन. अरेबिकाला साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची लागते, रोबस्टाला पाचशे ते हजार. उंचीपुरतं बोलायचं तर रोबस्टा गगनबावड्याला बसते. पण पाऊस तिथं कॉफीला सोसवेल त्यापेक्षा फार जास्त पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यासाठी जी एक-दोन नेमकी सर लागते तिचा भरवसा नाही. ती हुकली तर पाणी द्यावं लागतं. सावलीची झाडं आधी उभी करावी लागतात, पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं जातात. महाराष्ट्रात कॉफी होतच नाही असं नाही, चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून आहे. पण दोन एकरांच्या मालासाठी पल्पर आणि वाळवणीचे ओटे परवडत नाहीत आणि जवळपास क्युरिंगची सोयही नाही. मामांना सांग, जमिनीवर उंच झाडं असतील तर त्यांच्यावर मिरीचे वेल चढवा, त्याला इथल्या इथं गिऱ्हाईक आहे. हौस म्हणून परसात कॉफीची चार-सहा रोपं लावायला हरकत नाही. लावायची तर सी बाय आरची कलमं घ्या, बियांची रोपं नकोत.